‘जग’ नावाचं तळं

एसी बंद झाला की आधी नेमकं काय झालं ते कळत नाही. एप्रिलपासून कानात बसलेली घरघर थांबते आणि घर अचानक मोठं वाटायला लागतं. आज सकाळी मुनीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बटण दाबलं आणि खिडक्या उघडल्या. खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी, कबुतरांचं घुमणं, रस्त्यावर कुणीतरी गाडी पुसताना लावलेला रेडिओ, सगळं एकदम आत आलं. लेक खोलीतून बाहेर येऊन म्हणाली, “मम्मा, इट्स सो क्वाएट.” तिला आवाज ऐकू येत होते, तरी ती शांतता म्हणत होती. मला ते पटलं.

इथे कुवेतमध्ये वयस्क लोक ऑगस्टच्या शेवटी सुहैल नावाचा तारा शोधतात आणि तो दिसला की उन्हाळा उतरणीला लागला असं मानतात. माझा उन्हाळा मात्र ऑक्टोबरातल्या ह्या एका सकाळी संपतो. सलवा भागातल्या आमच्या गच्चीवर समुद्राकडून आलेला वारा पहिल्यांदा अंगाला गार लागतो आणि मला हटकून एक शरद आठवतो. तो कुवेतमधला नाही, आणि आमच्या रत्नागिरीकडचाही नाही. तो आहे चेक देशाच्या दक्षिणेकडच्या एका छोट्या जुन्या गावातला. ओक वृक्षांची पिवळी पानं, धुकं, आणि चिखलाचा वास. हो, चिखलाचाच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुवेतमध्ये एकोणीस वर्षं लोकांना पुन्हा चालायला लावते आहे. ह्या कामात माझा हात चांगला आहे, असं मी स्वतःच सांगते, कारण ते खरं आहे. म्हणूनच चार वर्षांपूर्वी खालिद नावाचे एक गृहस्थ आमच्या दवाखान्यात आले आणि म्हणाले, “माझ्या आईबरोबर दोन महिने जाल का?” त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, पण पाच महिने झाले तरी त्या चाकाच्या खुर्चीतून उठत नव्हत्या. कुणीतरी त्यांना त्रेबोनचं नाव सांगितलं होतं. तिथे दलदलीतल्या काळ्या पीट मातीचे लेप देतात, सांधे मोकळे होतात म्हणे. बाईंची एकच अट होती, सोबतीला हिंदी बोलणारी बाई हवी. लहानपणी त्या चार वर्षं मुंबईत राहिल्या होत्या. त्यांच्या वडिलांचा मोत्यांचा धंदा होता. धंदा गेला, मुंबई सुटली, हिंदी मात्र जिभेवर राहिली.

पहिल्या भेटीत मी त्यांना “खाला” म्हटलं. अरबीत मावशीला खाला म्हणतात आणि आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरातही तेच म्हणतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “खाला बोला है, तो अब डाँट भी खाना पड़ेगा.”

त्रेबोन असं आपण लिहितो खरं, पण तिथले लोक त्यातल्या ‘र’चं जे काही करतात ते मला शेवटपर्यंत जमलं नाही. जीभ र आणि श यांच्यामध्ये कुठेतरी अडकवायची असते. गाव केवढं, तर एका टोकाच्या वेशीतून दुसऱ्या टोकाच्या वेशीपर्यंत खुर्ची ढकलत मी वीस मिनिटांत पोचायचे. मधोमध लांबट चौक, दोन्ही बाजूंना कमानींची घरं, कुठलं गुलाबी, कुठलं लिंबाच्या रंगाचं, वर नक्षीदार कपाळपट्ट्या. किल्ल्याच्या भिंतीवर ओल्या चुन्यात कोरून काढलेल्या आकृत्या दुरून बघितल्या तर बंद पाकिटांच्या रांगाच वाटायच्या. दुकानं, बँक, केशकर्तनालय, सगळं त्या चारशे-पाचशे वर्षांच्या घरांतच चालू होतं. मला ते फार आवडलं. जुनं जपायचं म्हणून त्यांनी ते काचेत ठेवलं नव्हतं. बायका त्याच कमानींखालून पावाच्या पिशव्या घेऊन जात होत्या.

खालांना मात्र काही आवडत नव्हतं. “चिखलात झोपवायला ह्यांनी मला विमानानं आणलं,” असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. लेप घालणाऱ्या बाईंचं नाव यार्मिला. साठीच्या, रुंद खांद्यांच्या, दंड सुतारासारखे. तिथे बाईला आदरानं ‘पानी’ म्हणतात, हे मी सांगितल्यावर खाला गरम चिखलात गळ्यापर्यंत बुडालेल्या असतानाही खदखदून हसल्या. “पानी, गरम पानी लाओ!” यार्मिलाबाईंना अर्थ कळला नाही, पण त्याही हसल्या. आठवडाभरात त्या खालांकडून “यल्ला”, म्हणजे ‘चला’, शिकल्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी वापरू लागल्या. उरलेलं बोलणं हातवाऱ्यांनी आणि फोनमधल्या भाषांतरानं चालायचं.

तो लेप पहिल्यांदा बादलीतून ओतला तेव्हा वासानं मी दारातच थबकले. ओहोटीच्या वेळचा आमच्या खाडीचा वास तो. शाळेतून आलं की आम्ही मुली परकर खोचून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला चिखलात उतरायचो, पोटऱ्यांपर्यंत काळ्या होऊन परत यायचो. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावात, पांढऱ्या टाइल्सच्या खोलीत, तो वास मला असा भेटला.

गावाला लागूनच एक प्रचंड तळं आहे. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ धुक्यात दिसत नाही. ते माणसांनी खणलं, साडेचारशे वर्षांपूर्वी, मासे वाढवण्यासाठी. त्या मुलखात अशी शेकडो तळी आहेत, एकमेकांना कालव्यांनी जोडलेली, आणि अजूनही त्यांत कार्प मासा वाढवतात. ह्या तळ्यासाठी तेव्हा गावाचा एक भाग उठवावा लागला होता, म्हणून आधी लोक त्याला ‘कृतघ्न’ म्हणत. पुढे कधीतरी नाव बदललं आणि ते झालं ‘जग’. यार्मिलाबाईंनी हे फोनवरून भाषांतर करून सांगितलं. खालांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नाव कुठे बदललं? दोन्ही एकच.”

आम्ही रोज दुपारी तळ्याच्या बांधावर जायचो. बांधावर जुने ओक आहेत, मुळ्यांनी माती धरून ठेवणारे. खुर्ची त्या झाडांखाली थांबवायची, थर्मासमधला चहा प्यायचा. सप्टेंबरच्या शेवटी माझ्या लक्षात आलं की पाणी कमी होतंय. काल जिथे लाटा होत्या तिथे आज चिखल, त्यात बगळे उभे. यार्मिलाबाई म्हणाल्या, तळं उपसायला घेतलंय. काही वर्षांनी एकदा हळूहळू पाणी सोडतात, सगळे मासे बांधाजवळच्या खोलगट भागात जमतात आणि मग जाळी लावतात. त्यांचा नवरा त्याच कामावर होता. “तुम्ही या,” असं त्या म्हणाल्या आणि शेवटी अर्थातच, “यल्ला!”

आता मूळ गोष्टीकडे येते.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी खालांच्या खोलीत नेहमीपेक्षा लवकर गेले. दारावर टकटक केली ती बहुतेक त्यांनी ऐकली नाही. आत पाहते तर खाला खिडकीशी उभ्या. वॉकर पलंगापाशी, खुर्ची दारापाशी, आणि त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या कठड्यावर कबुतरांसाठी पाव कुस्करत होत्या. एका पायावर भार न टाकता कुणी उभं राहिलं तर मला पाठीवरूनच कळतं. त्या दोन्ही पायांवर सरळ उभ्या होत्या.

त्या वळल्या, मला पाहिलं, आणि शांतपणे चालत येऊन खुर्चीत बसल्या. सात पावलं. लंगडणं अगदी थोडं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“कुवेतमध्येच. दोन महिने झाले.”

“मग खुर्ची का?”

त्यांनी हातातले पावाचे कण झटकले. “नसीमा, मी पडायच्या आधी खालिद महिन्यातून एकदा यायचा. दारातूनच विचारायचा, ‘यम्मा, काही हवंय?’ पडले, तेव्हापासून रोज येतो. स्वतः खुर्ची ढकलतो. माझ्या ताटाजवळ बसून जेवतो. मी उठून चालायला लागले की त्याला सुट्टी.”

मी दर गुरुवारी खालिदना अहवाल पाठवायचे. स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल, किती पावलं, किती आधार. खाला म्हणाल्या, “लिही, काही फरक नाही.”

“नाही लिहिणार.”

“मैं तेरी खाला हूँ ना?”

“आहात. म्हणून तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते मी कुणाला सांगणार नाही. पण पायाबद्दल मी खोटं लिहिणार नाही. पाय हे माझं काम आहे. उठायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी फक्त एवढंच लिहीन की शरीर चालायला तयार आहे आणि खाला चालायला नकार देतात.”

ते वाक्य मी तसंच लिहिलं. खालिदचं उत्तर आलं, “समजूत काढा, प्लीज.” खाला माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. चहा पुढे केला तर घ्यायच्या, पण माझ्याकडे न बघता. लेप घालताना यार्मिलाबाई एकदा माझ्याकडे, एकदा खालांकडे बघायच्या आणि यल्ला म्हणायचंही विसरायच्या. मला वाईट वाटत होतं, पण मी चुकले असं एका क्षणालाही वाटलं नाही. वयानं मोठ्या माणसाशी खोटं न बोलणं हाही आदरच आहे, असं मी तेव्हा मानत होते आणि आजही मानते.

चौथ्या दिवशी तळ्यावर जाळी लागायची होती.

आम्ही पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. धुकं इतकं की ओकांचे फक्त बुंधे दिसत होते. बांधावर अर्धं गाव लोटलेलं, लोकरीच्या टोप्या, खांद्यावर मुलं, माशाच्या गरम सूपच्या टपरीवरून उठणारी वाफ. खालून माणसांच्या हाका आणि एक विलक्षण आवाज येत होता. शंभर बायका एकाच वेळी ओले कपडे दगडावर आपटताहेत असा. हजारो मासे उथळ पाण्यात शेपट्या मारत होते. पण आम्हाला दिसत काहीच नव्हतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला गर्दीत लोकांच्या फक्त कमरा दिसतात. माशांपर्यंत जायला दगडी पायऱ्या उतरायला लागत होत्या, तिथे खुर्ची जाणं शक्य नव्हतं.

खाला चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. “लोकांच्या पाठी बघायला मी कुवेतहून आलेय का?”

“काय करू या?” मी विचारलं.

“चाकं बांध.”

मी खुर्चीचे ब्रेक लावले. त्यांनी अबायाचा घोळ डाव्या हातात गोळा केला, उजवा हात माझ्या हातावर ठेवला आणि उठल्या. माणसं बाजूला झाली. अकरा पायऱ्या होत्या, दवानं ओल्या. “उतरताना दुखरा पाय आधी,” मी म्हटलं. “ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. माझा हात त्यांच्या कोपराखाली होता, पण त्यावर भार जवळजवळ नव्हता. हे तिथे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. नवव्या पायरीवर त्या थांबल्या, श्वास घेतला. मी घाई केली नाही. मग दहावी, मग अकरावी, आणि आम्ही कठड्याशी.

छातीपर्यंत रबरी कपडे घातलेली माणसं गोल करून उभी होती, जाळं हळूहळू आवळत होती. मधलं पाणी नुसतं उकळत होतं. सोनेरी-काळ्या पाठी, वाटीएवढी तोंडं. लांब दांड्याच्या झोळ्यांनी मासे उचलून लाकडी टेबलावर ओतले जात, तिथे बायका आकारानुसार निवडून टबांत टाकत. त्या हातांचा वेग पाहून मला आमच्या मिरकरवाड्याच्या बंदरावरच्या बायका आठवल्या. फरक एवढाच, की इथे कुणी भाव करत नव्हतं, कुणी शिव्या देत नव्हतं.

खाला कठडा धरून बघत राहिल्या. मग सांगू लागल्या, माशांकडे बघतच. त्यांच्या आजोबांचा किनाऱ्यावर हद्रा होता. हद्रा म्हणजे समुद्रात काठ्या रोवून केलेलं कुंपण. भरतीला मासे आत येतात, ओहोटीला पाणी निघून जातं, मासे राहतात. पहाटे आजोबा त्यांना बोटाला धरून चिखलातून तिथे घेऊन जायचे. “माझे पाय रुतायचे,” त्या म्हणाल्या. “आजोबा उचलून घ्यायचे नाहीत. म्हणायचे, थांब, एक पाय काढ, मग दुसरा. मी रडायचे, ते थांबायचे. पण उचलून नाही घ्यायचे.”

थोड्या वेळानं यार्मिलाबाईंचे यजमान वर आले. सत्तरीचे असतील, मिश्यांवर चिखल. त्यांनी दोन्ही हातांत एक मासा धरून खालांपुढे केला. खालांनी त्याच्या कल्ल्याला बोट लावलं, डोळा पाहिला, आणि जाणकारपणे निकाल दिला, “ताजा आहे. पण गोड्या पाण्यातला. ह्याला मसाला जास्त लागेल.” मी भाषांतर केलं नाही. ते गृहस्थ खूश झाले.

पायऱ्या चढून वर आल्यावर खाला खुर्चीकडे गेल्याच नाहीत. ओकाखालच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “फोन लाव खालिदला. चित्र दिसतं तसा.” मग उभ्या राहिल्या, आणि मी फोन धरला असताना बांधावरून दहा-बारा पावलं चालून दाखवली. पडद्यावर पन्नाशीचा तो माणूस तोंडावर हात ठेवून रडत होता. मलाही भरून आलं. खाला तेवढ्या शांत होत्या.

दोन दिवसांनी खालिदचा निरोप आला. शेवटच्या आठवड्यात ते स्वतः त्रेबोनला येणार होते, आईला घेऊन परत जाणार होते. आता म्हणत होते, देवाची कृपा, आई चालतेय, तर मी ऑफिसचं काम उरकून घेतो, तुम्ही दोघीच या.

खालांनी तो निरोप दोनदा वाचला. “बघ,” त्या म्हणाल्या. एवढंच. रागानं नाही, कुणीतरी बेरीज बरोबर आली हे दाखवावं तशा.

त्या दिवशी लेपाच्या खोलीत मी एका कोपऱ्यात उभी होते आणि पहिल्यांदा मला माझ्याच कौशल्याचा राग आला. मी एका बाईला तिच्या पायांवर उभं केलं होतं आणि तिच्या ताटाजवळचा माणूस उठून गेला होता. दुपारी मी खुर्ची आणायला गेले तर खाला कोट घालून दारात उभ्या. “ती इथेच राहू दे,” त्या म्हणाल्या. आम्ही चौकापर्यंत चालत गेलो, कमानींखालून, मध्ये तीनदा थांबत. प्रत्येक थांब्यावर त्या एखाद्या दुकानाच्या काचेत बघायच्या, जणू दुकान बघायलाच थांबल्यात. तिसऱ्या थांब्याला म्हणाल्या, “तो येत नाही तर मी जाईन. आता पाय आहेत ना.”

हे त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणताहेत असं मला वाटलं. मी खालांना पुरतं ओळखत नव्हते.

कुवेतला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी त्या काठी घेऊन, न सांगता, खालिदच्या घरी मिश्रिफला गेल्या. थेट स्वयंपाकघरात जाऊन सुनेला म्हणाल्या, “मच्बूसमध्ये लिंबू कमी आहे,” आणि त्या मसालेभाताच्या ताटावर बसल्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मधल्या एका मंगळवारी त्याच्या ऑफिसातही. आमच्या दवाखान्यात तपासणीला आल्या तेव्हा स्वतःच सांगत होत्या, “आधी घाबरतात, यम्माला काय झालं म्हणून. मी सांगते, काही झालं नाही. भूक लागली.” आता खालिद गुरुवारी रात्रीच फोन करतात, उद्या आई येणार तर मासा आणू की मटण. खाला अजून चालतात. गेल्या महिन्यात रोबयानचा हंगाम सुरू झाला तेव्हा कोळंबीची पिशवी घेऊन आमच्या दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढून आल्या. उतरताना दुखरा पाय आधी टाकला. मी मुद्दाम पाहिलं.

पण त्या शरदानं मला जे शिकवलं ते खालांच्या पायाबद्दल नव्हतंच.

माझी अम्मा गावी एकटी राहते. मी रोज फोन करते, मुलगी म्हणून मी चुकत नाही असं मला वाटायचं. त्रेबोनहून परतल्यावर एक गोष्ट पहिल्यांदा माझ्या कानात शिरली. मी “चल, ठेवते” म्हटलं की अम्माला काहीतरी आठवायचं. गुडघा. नाही तर छातीत जरासं. मी डॉक्टरी प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची, आणि फोन आणखी दहा मिनिटं चालायचा. तोवरच्या पंधरा वर्षांत मी गावी गेले होते ती कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना, कुणाचं मरण यांसाठी. कारणाशिवाय एकदाही नाही.

मी तिकीट काढलं आणि तिला सांगितलं. ती घाबरलीच. “काय झाला गो? मुनीर बरा हाय ना?”

“सगळे बरे आहेत.”

“मग कशाला येतंस? मी पण बरी हाय.”

“तू बरी आहेस म्हणूनच येतेय.”

ती म्हणाली, “मग महिनाभर राहा.”

महिनाभर राहिले. पहिल्या दिवशी मोहल्ल्यातल्या बायका एकेक करून आल्या, चेहरे गंभीर. आखातातली मुलगी अचानक घरी आली म्हणजे काहीतरी वाईट असणार. प्रत्येकीनं दारातूनच हळू आवाजात विचारलं, काय झालंय, कोण आजारी आहे? आणि अम्मा ओटीवरच्या खुर्चीतून उठून, पदर सारखा करून, अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात प्रत्येकीला सांगत होती, “कोण नाय आजारी. काय झाला नाय. अशीच आलीय.”

संध्याकाळपर्यंत ती हे न विचारणाऱ्यांनाही सांगू लागली होती.